जेवढं खरं, तेवढंच

तुझा प्रश्न वाचणाऱ्या इतरांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. तू पुण्यात स्टाफ नर्स, वय सत्तावीस. घराणं नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती मंडळीतलं, म्हणजे चर्चमधलं, बाप्तिस्मा तान्हेपणी, दृढीकरण, म्हणजे तो विश्वास स्वतःच्या तोंडाने कबूल करणं, शाळेत असताना. महिन्यातले दोन-तीन रविवार ड्युटीत जातात. रात्रपाळीहून येऊन पवित्र शास्त्र उघडलं की चार ओळींत झोप लागते. प्रार्थना करतेस, पण आत काही हलत नाही. रूमवरच्या मैत्रिणी एका प्रार्थना-ग्रुपला जातात. तिथे रडणं, अन्य भाषा, म्हणजे प्रार्थनेत न कळणाऱ्या भाषेत बोलणं, तीन-तीन दिवसांचे उपास. त्यांनी तुला सांगितलं, तुझा विश्वास कोमट आहे. आणि तू विचारतेस, साधा आणि खरा विश्वास जगायचा म्हणजे रोज उठून नेमकं करायचं काय?

मी तेहतीस वर्षं चार मंडळ्यांचा पाळक होतो, आता निवृत्त. तुला अगं-तुगं करतो, माझ्या धाकटीच्या वयाची आहेस. आमच्या मिसेसही सिस्टर होत्या, त्यामुळे या उत्तरातला बराचसा भाग त्यांचा आहे, आणि तोच तुला जास्त उपयोगी पडेल.

आधी त्या ‘कोमट’चं बघू. तो शब्द बायबलच्या शेवटच्या पुस्तकातला, प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायातला, लावदिकीयाच्या मंडळीला उद्देशून. त्याच्या पुढचं वचन मात्र सहसा कोणी वाचत नाही. ती मंडळी कोमट का ठरली? तर ती म्हणत होती, मी धनवान आहे, मला कशाचीच उणीव नाही. तू तर आपल्याकडे काय उणं आहे तेच विचारायला आलीस. मैत्रिणींनी औषध चुकीच्या बेडला दिलंय, एवढंच म्हणतो. त्यांच्यावर चिडू नकोस, प्रेमानेच दिलं असेल.

आता मूळ मुद्दा. मला या सगळ्या वर्षांत एकच गोष्ट धड कळली, आणि तीही मला एका म्हातारीने शिकवली.

पाळकी सुरू होऊन तीनेक वर्षं झाली असतील. माझी प्रार्थना तेव्हा पंचक्रोशीत गाजलेली होती. लग्न असो, घरभरणी असो, ‘साहेबांनाच करू द्या’ म्हणायचे लोक. एका वस्तीवर तिशीतला माणूस विहिरीच्या मोटारीचा शॉक लागून गेला. दफन झालं, आम्ही घरी आलो, आणि ओसरीवर उभा राहून मी प्रार्थना धरली. सर्वसमर्थ, सनातन, परमपवित्र पित्या, अशी सुरुवात. मग मानवी जीवनाची क्षणभंगुरता, मग पुनरुत्थानाची आशा, मग मंडळीसाठी, मग पावसासाठीसुद्धा. वीस मिनिटं सहज झाली असतील. आमेन झाल्यावर मयताची आई भिंतीला टेकून बसली होती, ती म्हणाली, “साहेब, त्याला समदं ठावं हाय. ते त्यालाच सांगत बसलात. सुनंनं कालपासनं पाणी बी घेतलं नाय, ते कुणी इचारलं नाय.”

शेजारच्या घरातून मी स्वतः चहा आणला. त्या पोरीने दोन घोट घेतले.

परतताना गाडीवर डोक्यात हिशोब चालू होता. त्या वीस मिनिटांत मला मनापासून म्हणायचं होतं असं काय होतं? दोन वाक्यं. ‘देवा, मला काय बोलावं कळत नाही. या बाईला सांभाळ.’ बाकी सगळं ओसरीवरच्या लोकांसाठी होतं. थोडंफार माझ्या नावासाठी.

तेव्हापासून मी स्वतःला एक माप लावून घेतलं, तेच तुला देतो. प्रार्थना खरी होईपर्यंत कापत जायची. जे वाक्य म्हणायचं म्हणून येतंय ते गाळायचं. शेवटी एक ओळ उरली तर एकच ओळ. काहीच उरलं नाही तर गप्प बसायचं आणि ‘मी आलेय’ एवढं म्हणायचं. देवळात आलेल्या जकातदाराची प्रार्थना एका वाक्याची होती, पाण्यात बुडणाऱ्या पेत्राची तर त्याहून लहान. येशूने शिष्यांना प्रार्थना शिकवली ती म्हणायला अर्धा मिनिट लागतो. आणि ती शिकवण्याआधी त्याने दोन गोष्टी बजावल्या: खोलीत जाऊन दार लावून घ्या, आणि व्यर्थ बडबड करू नका. आपण पाळक लोक हा भाग उपासनेत वाचतो आणि लगेच लांबलचक प्रार्थना करतो. असो.

‘प्रभू, माझं तुझ्यावर खूप प्रेम आहे’ हे आज खरं नसेल तर म्हणू नकोस. ‘तू आहेस की नाही तेच मला आज कळत नाही’ हे खरं असेल तर ते म्हण. त्याला वाईट वाटेल अशी भीती बाळगू नकोस. ८८वं स्तोत्र काढून वाच. बाकीची बहुतेक रडकी स्तोत्रं शेवटी कुठेतरी वळतात, स्तुतीवर येतात. हे वळत नाही. पहिल्यापासून तक्रार, आणि शेवट अंधारावर. तरी ते स्तोत्रसंहितेतून कोणी काढून टाकलं नाही, आणि म्हणणारा शेवटपर्यंत बोलतोय तो देवाशीच.

काही वाटत नाही याचं तुला फार लागलंय, म्हणून पंडिता रमाबाईंचं सांगतो. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. संस्कृतच्या पंडिता, विचार करून उचललेलं पाऊल, सगळ्या महाराष्ट्राचा रोष ओढवून घेतलेला. आणि त्याच रमाबाईंनी पुढे स्वतःच्या साक्षीत लिहून ठेवलं, की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. आठ वर्षं! या आठ वर्षांत त्या काय करत होत्या? अमेरिकेत फिरून विधवांसाठी पैसे उभे केले, १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, डोकी भादरलेल्या पोरींना लिहाय-वाचायला शिकवलं. आत कोरडं होतं म्हणून हात थांबवले नाहीत, आणि आत ओलावा आहे असं सोंगही आणलं नाही. मला या दोन्ही गोष्टी सारख्याच मोलाच्या वाटतात. पुढे १९०५ साली केडगावच्या मुक्तीत, म्हणजे रमाबाईंच्याच संस्थेत, मोठं संजीवन, म्हणजे विश्वासाची जागृती, झालं, पोरी तासन्‌तास रडत प्रार्थना करायच्या, ते सगळं खरं आहे. पण पीठ दळणं, विणकाम, शेत, छापखाना हेही तिथे चालूच होतं. तुझ्या मैत्रिणींना केडगाव सांगशील तेव्हा दोन्ही सांग.

आता मिसेसचं. हे मला त्या रिटायर झाल्यावर कळलं, आधी कधी बोलल्या नव्हत्या.

नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. रात्रपाळी, वॉर्डात पस्तीसेक पेशंट, सिस्टर दोन. पहाटे चारला सगळ्यांचं बीपी, पल्स, टेंपरेचर घेऊन चार्ट भरायचे. ज्यांचं कालपर्यंत नॉर्मल होतं त्यांच्या कागदावर त्यांनी न उठताच ओळीने लिहून टाकलं, १२०/८०, १२०/८०, पल्स ७८. तुला हे सांगायला नको. सकाळच्या राउंडला डॉक्टरांनी सहज म्हणून एका बाईचं बीपी घेतलं तर ते ९०/६० निघालं. त्या बाईला काही झालं नाही, सलाइन लावलं, दुपारपर्यंत सावरली. यांना कोणी बोललंही नाही, चार्टकडे कोणी नीट पाहिलंच नव्हतं. पण यांना आठवडाभर झोप नाही.

त्यानंतर त्यांनी एक ठरवलं. दंडाला बीपीचा कफ, म्हणजे पट्टा, बांधताना पेशंटचं नाव मनात घ्यायचं, आणि आकडा घेतल्याशिवाय लिहायचा नाही. खरंच वेळ मिळाला नाही तर कागदावर ‘घेता आलं नाही’ असं लिहून ठेवायचं आणि सकाळी सिस्टर इन्चार्जची बोलणी खायची. खाल्लीही पुष्कळ. मी विचारलं, नाव घेऊन पुढे काय म्हणायचीस? म्हणाल्या, काही नाही, नाव घ्यायचं आणि पंपायचं. एवढी प्रार्थना त्या सगळ्या नोकरीभर करत आल्या, आणि मी, घरातला पाळक, समजत होतो की बायकोचं वैयक्तिक प्रार्थनेचं जरा कमीच आहे.

तू त्यांना विचारलंस तर त्या पहिलं हेच सांगतील: चार्ट खरा भर. डोंगरावरच्या प्रवचनात येशूने शपथेबद्दल म्हटलंय, तुमचं बोलणं होय तर होय, नाही तर नाही, एवढंच असावं. ते कोर्टाच्या पायरीवरच्या शपथेपुरतं नाही. हँडओव्हरला ‘सगळं दिलंय’ म्हणणं, घरी फोनवर ‘जेवले’ म्हणणं, मंडळीत ‘तुमच्यासाठी प्रार्थना करते हं’ म्हणणं, या सगळ्याला ते लागू आहे. या शेवटच्या वाक्याचा मी स्वतः मोठा गुन्हेगार. हल्ली कोणी प्रार्थना मागितली की तिथेच, फाटकात उभ्या उभ्या, एक ओळीची करून मोकळा होतो. नंतर करीन म्हटलेली राहते.

दुसरी गोष्ट भांडणाची, आणि ही मला जास्त महाग पडली.

आमचं वडिलोपार्जित साडेतीन एकर, दोघा भावांत वाटलेलं. मधला बांध. थोरला दर वर्षी नांगरटीला ट्रॅक्टरचं एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, बांधाच्या अलीकडे घ्यायचा. आपल्याकडे या एका तासावरून खून पडलेत, तुला माहीत असेल. शेजाऱ्याच्या शेताची खूण सरकवू नकोस हे जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात आहे, पुढे तर सरकवणाऱ्याला शापच आहे, आणि ते वचन मला चांगलं पाठ होतं, कारण ते थोरल्याला लागू पडत होतं. दोन वर्षं आम्ही बोलत नव्हतो. आणि त्या दोन वर्षांत महिन्याच्या पहिल्या रविवारी मी मंडळीला प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीतली भाकर आणि द्राक्षरस, देत होतो.

एका शनिवारी संध्याकाळी उद्याची तयारी करताना मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय समोर आला. वेदीपाशी अर्पण आणताना भाऊ आठवला तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. हे वचन मी शंभरदा वाचलं असेल, पण उलटं वाचत होतो. मला वाटायचं, ‘तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर’. तसं नाहीय ते. ‘तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं तुला आठवलं तर.’ म्हणजे प्रश्न त्याच्या नांगराचा नव्हता. त्याचं माझ्याकडे काय अडकलंय, हा होता.

आठवायला वेळ लागला नाही. वडील शेवटच्या आजारात दवाखान्यात होते तेव्हा बिल थोरल्याने भरलं होतं. निम्मे मी देईन म्हणालो होतो. अकरा हजार माझ्या वाटणीचे. दिलेच नव्हते. मंडळीच्या कामात राहून गेले, असं मी स्वतःला सांगत आलो होतो. तो सांगत नव्हता, तो दर वर्षी एक तास घेत होता.

घरात चार हजार होते, ते घेऊन त्याच संध्याकाळी गेलो. म्हणालो, दवाखान्याचे द्यायचे राहिले होते, हे चार, बाकीचे तीन महिन्यांत देतो, चुकलं माझं. तो गोठ्यात होता, वर पाहिलंही नाही. “ठेव कोनाड्यात.” वहिनीने चहा दिला, मी प्यालो, निघालो. गळाभेट नाही, अश्रू नाहीत. दुसऱ्या दिवशी प्रभुभोजनाच्या वेळी हात हलके झाले, मन भरून आलं, असंही काही झालं नाही. रात्री झोप नीट झाली नव्हती, तेवढंच जाणवत होतं. बाकीचे पैसे दिले. बांध आजही एक तास अलीकडेच आहे. बोलतो आता आम्ही, पाऊसपाण्याचं, पोरांचं. माझ्या निरोपाच्या उपासनेला तो मागच्या बाकावर येऊन बसला होता.

ही गोष्ट मी साक्षीत सांगितली असती तर लोकांनी विचारलं असतं, मग आशीर्वाद काय मिळाला? म्हणून सांगितली नाही कधी. तुला सांगतोय, कारण तू विचारलंस की रोज करायचं काय. ज्याचं काही आपल्याकडे अडकलंय त्याचं नाव मनात येतं, हे बहुतेक वेळा प्रार्थनेत होतं. आपण त्याला मन भरकटणं म्हणतो आणि परत डोळे घट्ट मिटतो. माझा अनुभव असा की तिथे थांबावं आणि फोन उचलावा.

पैशाचं फार बोलत नाही. दशांश, म्हणजे मिळकतीचा दहावा हिस्सा, द्यावा का, असं तू शेवटी विचारलंयस. मी देतो, तुला जमेल तेवढं ठरवून, नेमाने आणि गुपचूप दे. पण तीन हजारांचं ‘बीज’ पेरा, तीस हजार येतील, असं कोणी व्यासपीठावरून म्हणालं तर पर्स मिटून घे. देव म्हणजे भिशी नाही. हंगामाच्या सणाचं एक आठवतंय. तुमच्या आजीच्या मंडळीतही होत असेल, लोक शेतातलं काही ना काही आणतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो. एका वर्षी एका साध्या भोपळ्यावर दोन घराणी इरेला पेटली, भोपळा दोन हजार शंभरला गेला. लिलाव मीच पुकारत होतो, आणि खरं सांगतो, चढवतही मीच होतो. ‘बघा बरं, मागच्या वर्षी यांनीच नेला होता!’ टाळ्या. त्यानंतर एका विधवाबाईची चार गावठी अंडी आली, ती कोणीतरी वीस रुपयाला घेतली, तोवर लोक चपला शोधू लागले होते. मार्काच्या बाराव्या अध्यायातल्या दोन टोल्या, म्हणजे अगदी हलकी नाणी, टाकणाऱ्या विधवेवर मी त्याच महिन्यात प्रवचन दिलं होतं.

शास्त्र वाचायचं म्हणशील, तर मार्कापासून धर. चारही शुभवर्तमानांत तेच लहान, सोळा अध्याय. एका वेळी एकच प्रसंग, मोठ्याने, जमलं तर. टोचेल तिथे थांब. पुढे नेण्याची घाई नको. डोळे मिटून बोट ठेवून वचन काढू नकोस, आणि वचनांच्या डबीवर फार विसंबू नकोस. आमच्या घरीही आहे ती डबी, गुंडाळलेल्या चिठ्ठ्यांची. एवढ्या वर्षांत तिच्यातून ‘तुझा वधस्तंभ उचलून माझ्यामागे ये’ अशी चिठ्ठी एकदाही निघालेली नाही, यावरून ती भरणाऱ्याचा स्वभाव कळतो. भाषा जड वाटली तर सोप्या मराठीतलं भाषांतर घे, त्यात कमीपणा नाही. रमाबाईंनी आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षं हिब्रू आणि ग्रीकवरून शास्त्र साध्या मराठीत आणण्यात घातली, ते याचसाठी की खेड्यातल्या बाईला ते वाचून कळावं.

मैत्रिणींच्या ग्रुपचं. जावंसं वाटलं तर जा. अन्य भाषांना मी हसत नाही. त्यात शांती मिळालेली माणसं मी पाहिलीत. उपास तब्येतीला झेपेल तसा. रडू आलं तर रड, आलं नाही तर आणू नकोस. एका बाबतीत मात्र मी कडक आहे. कोणी पेशंटला ‘विश्वास असेल तर गोळ्या बंद कर’ म्हणालं, किंवा बरं न झालेल्याला ‘तुझाच विश्वास कमी पडला’ म्हणालं, तर तिथून ऊठ. जन्मांधाला बघून शिष्यांनी विचारलं होतं, कोणी पाप केलं, याने की याच्या आईबापांनी? येशूने दोन्ही नाकारलं. इन्सुलिन बंद केलेल्या माणसाची काय अवस्था होते हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तिथे तुझी नर्सिंगची डिग्री हीच तुझी साक्ष.

आता एक गोष्ट जी तू विचारली नाहीस, पण वर्षा-दोन वर्षांत दारात येईल. तुझ्यासाठी स्थळं बघायला लागतील. आणि मंडळीतलीच माणसं, ज्यांच्या ओठी ‘ख्रिस्तात सगळे एक’ आहे तीच, हळूच विचारतील, मूळचे कोण? अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला ठाणं मांडलं, त्यानंतर आपल्या पणज्या-खापरपणज्या ज्या वाड्यांमधून आल्या, ते वाडे आपण सोडले म्हणतो. लग्नाच्या बोलणीत ते परत उभे राहतात. मी पाळक असून दोन लग्नं अशी मोडताना पाहिली आणि एकदाही घरात जाऊन स्पष्ट बोललो नाही, मंडळी फुटेल म्हणून. लक्ष्मीबाई टिळकांचं बघ. नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला १८९५ साली, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधली वर्षं त्या सोवळं धरून होत्या, वाद घालत होत्या, नवऱ्याचा धर्म म्हणून त्यांनी मान तुकवली नाही. आधी त्यांच्या मनातून जात गेली, जात देवाने केलेली नाही हे त्यांना पटलं, त्या कोणाच्याही हातचं खायला लागल्या, आणि मग बाप्तिस्मा. आपल्यात पुष्कळांचा क्रम उलटा झालाय, बाप्तिस्मा आधी आणि ते दुसरं अजून व्हायचंय. तुझ्या बाबतीत ती वेळ आली की आईवडिलांसमोर तू काय बोलतेस, त्यावर मला तुझ्या विश्वासाबद्दल जास्त कळेल, तू किती तास गुडघ्यांवर होतीस यापेक्षा.

शेजारपाजारच्यांचं सोपं आहे. दिवाळीचा फराळ आला तर घे, नाताळला आपल्या करंज्या-चकल्या पाठव. कोणी विश्वासाबद्दल विचारलं तर जेवढं तुझं स्वतःचं आहे तेवढं सांग. पाठ केलेलं बोलू नकोस.

रविवारच्या ड्युटीचा अपराध मनातून काढ. शब्बाथ माणसासाठी झाला, माणूस शब्बाथासाठी नाही, आणि ज्यांनी हे ऐकलं त्यांच्यासमोर येशू शब्बाथ दिवशी वाळलेल्या हाताचा माणूस बरा करत होता, म्हणजे तुझंच काम. पण मंडळी अगदी सोडू नकोस. सुट्टीचा रविवार असेल तेव्हा जा. मोबाइलवरची उपासना बघ हवी तर, तिथे एक मात्र होत नाही: नको असलेलं माणूस शेजारी येऊन बसत नाही. देवळात बसतं. ती जी मावशी दर वेळी तुला वजनावरून बोलते, तिच्याच हातून तुझ्याकडे दानथैली सरकते. मधल्या आठवड्यात कोणाच्या घरी प्रार्थना असेल तर अर्धा तास जाऊन ये. गाणी येत असतील तर म्हण. काही न वाटणाऱ्या दिवसांत मला ‘उपासना संगीत’ या आपल्या गीतांच्या पुस्तकातल्या गाण्यांनी जेवढं धरून ठेवलं तेवढं प्रवचनांनी नाही, त्यात माझीही प्रवचनं आली.

आणि झोप. प्रभूच्या प्रार्थनेत आपण म्हणतो, आमची रोजची भाकर आज आम्हाला दे. मराठीत तिथे भाकर आहे याचा मला नेहमी आनंद वाटतो, तव्यावरून उतरलेली दिसते. महिन्याची नाही, आजची. एलिया संदेष्टा दमून एका झुडपाखाली पडला होता, मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उठवून काय सांगितलं ते जुन्या करारात, राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी ठेवलं होतं. त्याने खाल्लं आणि परत झोपला. देवदूताने झोपू दिलं. दुसऱ्यांदा उठवलं तेही खाण्यासाठीच. देव त्याच्याशी बोलला तो नंतर, चाळीस दिवस चालून गेल्यावर.

तेव्हा रात्रपाळीहून आल्यावर शास्त्र उघडू नकोस. मिसेस म्हणतात, काहीतरी गरम खाऊन घे, पडदा लाव आणि झोप. दुपारी उठलीस की चहा घेताना मार्काचा एक प्रसंग वाच. आज रात्री ड्युटी असेल तर चारच्या राउंडला ज्यांना कफ बांधशील त्यांची नावं आधी चार्टवर बघून घे, म्हणजे अंधारात चुकणार नाहीत.